कोरडवाहू माळावरील पवनविद्युत प्रकल्प व शेतजमिनीची निगा

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील अनेक माळरानांचे रूप गेल्या पंचवीस वर्षांत पालटले आहे. सांगली जिल्ह्यातील कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगावच्या आसपास, जत तालुक्याच्या पठारावर, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात सुप्याजवळच्या डोंगरांवर वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत. ज्या जमिनीत बाजरी, मटकी, हुलगा व रब्बी ज्वारी यांपलीकडे फारसे काही पिकत नव्हते, तिला या प्रकल्पांमुळे मागणी आली. काही शेतकऱ्यांना तीपासून चार पैसे मिळाले. काहींच्या शेतात मात्र ओघळी पडल्या, बांध फुटले, आणि आपण कोणत्या कागदावर सही केली हे त्यांना फार उशिरा कळले.

पवनचक्कीचा पाया शेताचा अगदी थोडा भाग व्यापतो. शेताचे खरे नुकसान पायाकडे जाणारा रस्ता, त्याने अडविलेले पावसाचे पाणी आणि नीट न वाचलेला करार या तीन कारणांनी होते. ही तिन्ही कारणे वेळीच लक्ष दिल्यास टाळता येण्याजोगी आहेत. त्या दृष्टीने शेतकरी बंधूंना व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना उपयोगी पडेल अशी माहिती पुढे दिली आहे.

पाऊस कमी तेथे वारा अधिक का?

नैर्ऋत्य मोसमी वारे जून महिन्यात अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. सह्याद्रीची भिंत आडवी आल्यामुळे ते वर चढतात, थंड होतात आणि आपल्याजवळील बहुतेक बाष्प घाटमाथ्यावर पावसाच्या रूपाने टाकून देतात. महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस गेल्यावर आटपाडी-जत भागात हे मान सुमारे ५०० मिलिमीटरवर येते. या प्रदेशास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

घाट ओलांडल्यावर वाऱ्याचे बाष्प कमी होते, पण वेग टिकून राहतो. उघड्या, झाडे विरळ असलेल्या पठारावर त्याला अडथळा होत नाही. पठाराच्या कडेला किंवा डोंगराच्या सोंडेवर तर हवा दाबली जाऊन तिचा वेग आणखी वाढतो. म्हणून शेतकऱ्याला पाऊस न देता पुढे जाणारा आषाढ-श्रावणातील वाराच या भागात विजेचे साधन ठरला आहे. महाराष्ट्रातील पवनचक्क्यांच्या वर्षभराच्या उत्पादनाचा मोठा भाग साधारणपणे मे ते सप्टेंबर या काळात येतो.

वाऱ्यापासून वीज कशी होते?

वाऱ्याच्या रेट्याने पाती फिरतात, पात्यांबरोबर दांडा फिरतो आणि दांड्याला जोडलेल्या जनित्रात वीज तयार होते. आधुनिक यंत्राला तीन पाती असतात. ती संथ फिरताना दिसली तरी हा दृष्टिभ्रम होय. १२० मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला १२ फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर असतो.

वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, आणि वेग दहा टक्क्यांनी घटला तर शक्ती सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटते. एकाच गावात एका टेकाडावर यंत्र उभे राहते आणि शेजारच्या खोलगट जमिनीला कोणी विचारीत नाही, याचे कारण हेच. जमिनीपासून जसजसे वर जावे तसतसा वाऱ्याचा वेग वाढतो. सपाट मोकळ्या जागी १० मीटर उंचीवर जो वेग असेल, त्याच्या सुमारे १.४ पट वेग १०० मीटर उंचीवर मिळतो, आणि शक्ती सुमारे २.७ पट होते. म्हणूनच नव्या यंत्रांचे मनोरे १०० ते १४० मीटर किंवा त्याहूनही उंच असतात.

वाऱ्यातील सगळीच शक्ती काढून घेता येत नाही. ती सर्व काढली तर वारा पात्यांमागे थांबेल आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाट राहणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले की, कोणत्याही यंत्रास वाऱ्यातील शक्तीच्या जास्तीत जास्त ५९.३ टक्के भागच घेता येतो. प्रत्यक्षात यंत्रे यापेक्षा कमीच घेतात.

साधारणतः वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मीटर झाला की यंत्र वीज देऊ लागते, ११ ते १३ मीटरला पूर्ण क्षमतेने चालते आणि २० ते २५ मीटरच्या पुढे ते आपोआप बंद होते. वारा नेहमी सारखा नसतो, म्हणून यंत्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही. उदाहरणादाखल २ मेगावॅटचे यंत्र वर्षात सरासरी २५ टक्के क्षमतेने चालले असे धरले, तर त्यापासून ४३ लाख ८० हजार युनिट वीज मिळते.

आपल्या देशात असे विद्युत प्रकल्प १९८६ साली प्रथम सुरू झाले, आणि त्या पहिल्या काही ठिकाणांत रत्नागिरीचाही समावेश होता. त्या वेळची यंत्रे अवघी ५५ किलोवॅटची होती. मार्च २०२५ अखेर देशातील पवनविद्युत क्षमता ५०,००० मेगावॅटच्या पुढे गेली असून त्यांपैकी ५,००० मेगावॅटहून अधिक महाराष्ट्रात आहे.

गावात यंत्र असूनही वीज का जाते?

हा प्रश्न प्रत्येक गावात विचारला जातो. यंत्रात तयार झालेली वीज यंत्राच्या पायथ्याशी किंवा मनोऱ्यातच असलेल्या रोहित्रात चढविली जाते. ती बहुधा ३३ किलोव्होल्टच्या वाहिनीने प्रकल्पाच्या उपकेंद्रात जाते, आणि तेथून १३२ किंवा २२० किलोव्होल्टच्या वाहिनीने राज्याच्या जाळ्यात मिसळते. गावाच्या रोहित्राशी तिचा थेट संबंध नसतो. प्रकल्प झाल्यावर गावाला आपोआप अधिक वीज मिळेल असे कोणी सांगितले, तर ते लेखी मागावे. करारात किंवा ग्रामपंचायतीशी झालेल्या लेखी समझोत्यात नसलेल्या आश्वासनावर विसंबू नये.

पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो काय?

पवनचक्कीची पाती ढग हाकलून देतात, अशी समजूत अवर्षणग्रस्त गावांत पसरलेली आढळते. दुष्काळाच्या वर्षी ती बळावते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने तिची चेष्टा न करता तिचा शांतपणे विचार करावा, कारण तीमागे पिकाची खरी काळजी असते.

यंत्राचे सर्वांत वरचे टोक जमिनीपासून फार तर २०० मीटरच्या आसपास असते. पाऊस देणारे ढग त्याच्या वर, कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत वाढलेले असतात. त्यांना लागणारे बाष्प शेकडो किलोमीटर दूरच्या समुद्रावरून येते. मोसमी प्रवाहाच्या या अफाट विस्तारापुढे काही शे यंत्रांनी काढून घेतलेली शक्ती नगण्य आहे. दुसरी गोष्ट जुन्या लोकांच्या आठवणीतील आहे. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा महाराष्ट्रात असा एकही प्रकल्प नव्हता, आणि माण, आटपाडी व जत हे भाग त्याही आधी पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाचेच होते.

यंत्रांच्या अगदी जवळच्या हवेवर मात्र थोडा परिणाम होतो. अमेरिकेतील आयोवा राज्यात मका व सोयाबीनच्या शेतांत २०१० पासून झालेल्या मोजणीत असे दिसले की, फिरत्या पात्यांमुळे वरची व खालची हवा मिसळते आणि यंत्रांमागे रात्रीचे तापमान किंचित वाढते. हा फरक लहान असून पावसाशी त्याचा संबंध नाही. पावसाच्या समजुतीत गावाचे लक्ष गुंतले, तर शेतात पडलेल्या पावसाचे प्रकल्पाच्या रस्त्यामुळे काय होते, या अधिक निकडीच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होते.

जमीन किती जाते?

पुढील हिशेब केवळ उदाहरणासाठी आहे. समजा, एका शेतात एक मोठे यंत्र उभे करावयाचे आहे. त्याचा काँक्रीटचा पाया सुमारे २० मीटर व्यासाचा आहे. त्याचे क्षेत्र ३१४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३ गुंठे होते. त्यातील बराचसा भाग मातीखाली जातो व वर फक्त मनोऱ्याचा बुंधा दिसतो. अजस्र यारी उभी करण्यासाठी ५० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी मुरूम दाबून केलेली जागा लागते. तिचे क्षेत्र सुमारे १५ गुंठे होते. गावरस्त्यापासून पायापर्यंत ४०० मीटर लांब व ६ मीटर रुंद रस्ता केला, तर त्यात सुमारे २४ गुंठे जातात. एकूण क्षेत्र ४२ गुंठे, म्हणजे एक एकराहून थोडे अधिक झाले.

पाया ३ गुंठ्यांचा आणि रस्ता २४ गुंठ्यांचा, हे या हिशेबातून ध्यानात घ्यावे. शेतकऱ्याशी बोलणी होतात ती बहुधा यंत्राच्या जागेची. पाती ६० ते ७० मीटर लांब असल्याने वळणावर रस्ता आणखी रुंद करावा लागतो, हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून पाया, यारीची जागा, रस्ता, वळण, जमिनीखालील तारा व वाहिनीचे खांब या प्रत्येक बाबीचे क्षेत्र नकाशावर दाखवून स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. रस्ता शक्य तेथे दोन शेतांच्या बांधालगत न्यावा. शेताच्या मधोमध तिरपा गेलेला रस्ता जमिनीचे दोन निरुपयोगी तुकडे करतो व औताला वळण मिळत नाही.

पावसाच्या पाण्याची वाट

कोरडवाहू शेतीत बांध हे शेताचे भांडवल होय. समतल बांध, ताली, सांडवे व नालाबांध यांवर अनेक गावांत लोकांनी व शासनाने मिळून श्रम व पैसा खर्च केला आहे. प्रकल्पाचा रस्ता हे बांध कापून जातो तेव्हा एका दिवसात ते काम वाया जाऊ शकते.

कठीण दाबलेल्या रस्त्यात पाणी फारसे मुरत नाही. ६ मीटर रुंद व १ किलोमीटर लांब रस्त्यावर एका वळवात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यावर ३ लाख लिटर पाणी जमते. हे पाणी उताराने धावून ज्या ठिकाणी रस्ता सोडते, त्या ठिकाणच्या शेतात घळ पडते. पुष्कळदा रस्त्याचा भराव उताराला आडवा येतो. मग वरच्या अंगाला पाणी तुंबून तूर व बाजरी पिवळी पडते, आणि खालच्या अंगाच्या शेताला त्याच्या हक्काची ओल मिळत नाही. एका रस्त्याने दोन शेतकऱ्यांचे असे नुकसान होते, आणि दोघेही एकमेकांस दोष देतात.

यावर उपाय सोपे आहेत, पण ते काम चालू असतानाच करावे लागतात.

१. रस्ता आखण्यापूर्वी गावातील जाणत्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन पाण्याच्या सर्व वाटा पाहाव्यात व त्या खुणा करून नकाशावर घ्याव्यात. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी लवणही सोडू नये.

२. प्रत्येक वाटेवर मोरी किंवा फरशी ठेवावी. नळ्याचे तोंड नाल्याच्या तळाशी समपातळीत असावे. नळा उंच बसविल्यास वर पाणी तुंबते व खाली धबधब्यासारखे पडून खड्डा करते.

३. मोरीच्या खालच्या अंगाला दगडांची पिचिंग करून पाणी संथ करावे आणि ते नैसर्गिक नाल्यातच सोडावे. कोणाच्याही पेरलेल्या शेतात सोडू नये.

४. रस्त्याच्या कडेच्या चरात उतार जास्त असल्यास ठरावीक अंतरावर दगडी अडथळे बांधावेत.

५. कापलेला समतल बांध रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वळवून घट्ट करावा व जवळच नवा सांडवा काढावा. नुसती माती लोटून फट बुजविलेला बांध पहिल्याच पावसात फुटतो.

वरची माती वेगळी ठेवणे

माळरानावरील हलक्या जमिनीत सुपीक माती वीतभरच असते. तिच्याखाली मुरूम व खडक लागतो. ही वीतभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. पाया खणताना यंत्राने वरची माती व खालचा मुरूम एकत्र ढिगाऱ्यात लोटला, तर ती कायमची गेली असे समजावे.

खोदकामापूर्वी वरची २० ते ३० सेंटिमीटर माती काढून वेगळ्या ढिगात रचावी. ६ मीटर रुंद व १०० मीटर लांब पट्ट्यातून २० सेंटिमीटर माती काढल्यास १२० घनमीटर माती मिळते. एवढी माती शेतकऱ्याच्या बरड तुकड्यावर पसरली तर तो तुकडा सुधारतो. ही माती शेतकऱ्याची आहे व ती त्याच्याच शेतात राहील, असे करारात लिहावे. पायाचा खड्डा भरताना आधी मुरूम व शेवटी वरची माती घालावी.

अवजड वाहनांनी तुडविलेली जागा काम संपल्यावर दगडासारखी घट्ट होते. तशाच जागी पेरणी केल्यास मुळे खाली जात नाहीत व पाणी मुरत नाही. तात्पुरती घेतलेली जागा परत मिळाल्यावर प्रथम खडी व मुरूम उचलून घ्यावा. नंतर जमीन कोरडी असताना सबसॉयलरने किंवा खोल नांगराने घट्ट थर फोडावा, शेणखत घालावे आणि पहिल्या खरिपात ताग पेरून फुलोऱ्याच्या वेळी गाडावा. ओल्या जमिनीत असे काम करू नये. त्याने थर अधिकच घट्ट होतो.

उभी पिके, फळबागा व झाडे

बांधकाम बहुधा हिवाळा-उन्हाळ्यात चालते. त्या वेळी रब्बी ज्वारी शेतात उभी असते व द्राक्षबागा ऐन भरात असतात. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा त्याच दिवशी करावा. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, पिकाची अवस्था व दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात आणि सोबत छायाचित्रे जोडावीत. वाहनांची धूळ द्राक्ष, डाळिंब यांच्या पानांवर बसल्यास लाल कोळीचा उपद्रव वाढतो. यास्तव बागेलगतच्या रस्त्यावर दिवसातून दोन-तीन वेळा पाणी शिंपडण्याची अट घालून घ्यावी.

कोरडा वारा जमिनीची ओल उडवितो व फळबागांची मोडतोड करतो. त्यासाठी शेतकरी पश्चिमेच्या बांधावर शेवरी, सुबाभूळ यांची दाट रांग लावतात. अशी रांग तिच्या उंचीच्या दहा ते पंधरा पट अंतरापर्यंत पिकाला आसरा देते. ३ मीटर उंचीच्या शेवरीचा लाभ ३० ते ४५ मीटरपर्यंत होतो. यंत्राच्या आसपास उंच झाडे किंवा बांधकाम करू नये, अशी अट काही करारांत असते. ती किती अंतरासाठी व किती उंचीसाठी आहे, हे विचारल्यावाचून सही करू नये. वारासंरोधक झाडे लावण्याचा हक्क एकदा सोडून दिल्यास पुढील पंचवीस वर्षे बाग उघडी पडेल.

करार करताना

जमीन देण्याचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. खरेदीखताने जमिनीची मालकी कायमची जाते. भाडेपट्ट्याने मालकी शेतकऱ्याकडे राहते व वापर ठरावीक मुदतीसाठी दिला जातो. तिसऱ्या प्रकारात फक्त रस्त्याचा किंवा तारा नेण्याचा हक्क दिला जातो. या तिन्हींचे परिणाम निरनिराळे असल्याने पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. कागदाचे शीर्षक व आतील मजकूर एकच आहे काय, हे जाणत्या वकिलाकडून पाहून घ्यावे. भाडेपट्टा समजून खरेदीखतावर, किंवा सर्व अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्रावर सही होणार नाही याची खात्री करावी.

२. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो. साध्या मुद्रांक कागदावरील लिखाणावर समाधान मानू नये.

३. सात-बाऱ्यावर ज्या सहहिस्सेदारांची नावे आहेत त्या सर्वांची, बहिणींचीही, संमती घ्यावी. करारानंतर झालेला फेरफार व ‘इतर हक्क’ या रकान्यातील नोंद स्वतः पाहावी.

४. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय बिगर-आदिवासीस विकता येत नाही व भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसांस जाते, पण तिचे हस्तांतरण करता येत नाही. साक्रीसारख्या तालुक्यात ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

५. भाडे केव्हा व किती वाढेल, ते थकल्यास काय, आणि कंपनीने प्रकल्प दुसऱ्यास विकल्यास नवा मालक त्याच अटींना बांधील राहील काय, हे स्पष्ट लिहावे.

६. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आवाजाच्या दृष्टीने यंत्र राहत्या घरांपासून ५०० मीटर दूर ठेवण्यास सांगितले होते. सार्वजनिक रस्ते व इमारती यांच्यापासून मनोऱ्याची उंची, चक्राच्या व्यासाचा अर्धा भाग व आणखी ५ मीटर एवढे अंतर सांगितले होते. मनोरा १२० मीटर व चक्राचा व्यास १२० मीटर असल्यास हे अंतर १८५ मीटर येते. वस्तीवरची व शेतातील घरेही मोजणीत धरली जातात की नाही, हे पाहावे.

यंत्राखालील शेती व सुरक्षितता

यंत्र उभे राहिल्यावर त्याच्या आसपास ज्वारी, बाजरी, कडधान्ये व चारा ही पिके घेता येतात. मेंढ्याही चरू शकतात. जत भागातील माडग्याळ मेंढ्या पाळणाऱ्यांना ही सोय मोठी आहे. म्हणून कुंपण किती जागेला घातले जाईल आणि चराईची जुनी वाट मोकळी राहील काय, हे ग्रामसभेत आधीच ठरवावे. गायरान देण्याचा प्रश्न निघाल्यास ज्यांची जनावरे तेथे चरतात त्यांना सभेत अवश्य बोलवावे.

जमिनीखालील तारांच्या खुणेचे दगड काढू नयेत व त्या पट्ट्यात खोल नांगरट करू नये. वाहिनीखाली कडब्याची गंजी रचू नये, पाचट जाळू नये व उंच भरलेली गाडी नेऊ नये. खांबाला किंवा त्याच्या ताणाला जनावर बांधू नये. विजा चमकत असताना मनोऱ्याच्या आसऱ्यास उभे राहू नये. उंच मनोऱ्यावर वीज पडण्याचा संभव अधिक असतो. तुटलेल्या तारेजवळ न जाता उपकेंद्रास कळवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या तीन पाहण्या

पहिली पाहणी करारापूर्वी करावी. शेताचे बांध, सांडवे, ओघळी व झाडे यांची नोंद घ्यावी. जवळच्या विहिरींची पाणीपातळीही मोजून ठेवावी, कारण पायासाठी सुरुंग लावल्यास पुढे वाद निघतात. दुसरी पाहणी काम चालू असताना करावी. वरची माती वेगळी ठेवली काय आणि मोऱ्या योग्य पातळीवर बसविल्या काय, हे तीत पाहावे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची पाहणी पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच करावी. पाणी कोठे तुंबले, कोठे घळ पडू लागली, कोणता बांध फुटला, हे त्या दिवशी शेतातच दिसते. त्याच आठवड्यात लेखी कळविल्यास दुरुस्ती थोडक्यात होते. घळ दोन पावसाळे वाढू दिली तर ती बुजविण्याचा खर्च शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जातो.

मुदत संपल्यावर

पवनविद्युत यंत्राचे आयुष्य साधारण २० ते २५ वर्षे धरतात. महाराष्ट्रातील आरंभीच्या प्रकल्पांतील यंत्रे आता त्या वयाला पोहोचली आहेत. जुनी लहान यंत्रे काढून त्यांच्या जागी मोठी बसविण्यासाठी केंद्र शासनाने २०१६ साली धोरण आखले व २०२३ साली ते सुधारले. त्यामुळे अनेक गावांत शेतकऱ्यांपुढे दुसऱ्यांदा सहीसाठी कागद येणार आहेत. नवे यंत्र मोठे असल्याने त्याला रुंद रस्ता व मोठा पाया लागतो. जुन्या करारात त्याचा समावेश आहे असे गृहीत धरू नये; नव्याने मोजणी करून नव्या अटी ठरवाव्यात.

यंत्र कायमचे काढावयाचे असल्यास मनोरा, तारा व खडी कोणी उचलावी, पाया जमिनीखाली किती खोलीपर्यंत फोडावा आणि त्यावर किती जाडीची माती घालावी, हे पहिल्याच करारात लिहिलेले असावे. त्या खर्चासाठी रक्कम किंवा बँकेची हमी आधीच घेतलेली असावी. पंचवीस वर्षांनी कंपनी त्याच नावाने शिल्लक असेलच असे नाही; शेत मात्र त्याच कुटुंबाकडे असेल.

पूर्वेकडील तालुक्यांत आज म्हैसाळ व टेंभू या उपसा योजनांमुळे कृष्णेचे पाणी काही गावांच्या शिवारात पोहोचले आहे. ज्या माळाला काल किंमत नव्हती तो उद्या बागायती होऊ शकतो. म्हणून आजच्या पडीक जमिनीचा करार करतानाही ती उद्या पिकणार आहे असे समजूनच तो करावा. वारा दरवर्षी येतो व जातो. शेतातील वीतभर माती आणि तिच्यात मुरणारे पाणी जागच्या जागी राखणे हे शेतकऱ्याच्या हाती आहे, आणि त्यासाठी करारापूर्वी व पहिल्या पावसानंतर शिवारात घातलेली एकेक फेरी पुष्कळ नुकसान वाचवू शकते.